पिवळ्या कार्डावर शिक्का बसला, पण मलेरियाचे काय?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातून बोटीवर नोकरीला जाणारे अनेक जण आहेत. एजंटचा फोन येतो आणि आठवड्याभरात जहाज गाठायचे असते. जहाज पश्चिम आफ्रिकेला लागणार असेल तर पहिली धावपळ होते ती पिवळ्या कार्डासाठी. ते हातात पडले की घरचेही निर्धास्त होतात. माझा आक्षेप या निर्धास्तपणाला आहे.

पिवळे कार्ड म्हणजे काय?

हा यलो फीवरची लस घेतल्याचा दाखला. लस घेतल्यावर 10 दिवसांनी तो लागू होतो. 11 जुलै 2016 पासून तो आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. जुन्या कार्डावर 10 वर्षांची मुदत छापलेली असली तरीही.

नायजेरिया, घाना, केनिया, ब्राझील अशा देशांतून भारतात परतताना हे कार्ड नसेल, तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. भारतीयांनाही यातून सूट नाही. कारण सोपे आहे. यलो फीवर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, घरोघरी आहे.

लस गावात का मिळत नाही?

ही लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते. आपल्याला जवळची केंद्रे म्हणजे गोव्यात मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय, नाहीतर थेट मुंबई. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी तयार केल्यावर 6 तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रे आधी नोंदणी करून ठरावीक दिवशी लस देतात. गरोदर महिला, प्रतिकारशक्ती कमी असलेले, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि साठी ओलांडलेले यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. ‘लस न घेता कार्ड करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग राहिले काय?

मलेरिया. पिवळ्या कार्डाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आफ्रिकेत प्रामुख्याने आढळणारा फाल्सिपेरम मलेरिया उपचार लांबले तर काही दिवसांत जीव घेऊ शकतो. प्रवाशांसाठी त्यावर लस नाही, प्रतिबंधक गोळ्या आहेत. त्या प्रवासाआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही घ्यायच्या असतात. काही गोळ्या 4 आठवडे. कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. शिवाय हा डास रात्री चावतो. बंदरात असताना संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डास पळवणारे मलम हवेच.

गोळ्यांचा शिक्का कुठेच मारला जात नाही, त्यामुळे विमानतळावर त्याबद्दल कुणी विचारत नाही. जे विचारले जात नाही ते आपण करत नाही, खरी गोची इथेच आहे. शिक्का सरहद्द ओलांडण्यासाठी असतो, गोळी आपल्या जिवासाठी.

परतल्यावर ताप आला तर?

आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटला की लेप्टो किंवा डेंग्यूचा संशय आधी येतो. तो चुकीचा नाही. पण रुग्ण महिन्यापूर्वी लागोसच्या बंदरात होता, हे डॉक्टरांना कसे कळणार? त्यामुळे दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य हेच असावे: ‘मी आफ्रिकेतून आलोय.’ मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. गोळ्या घेतल्या असल्या तरीही.

सरकारने काय करावे?

ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस यलो फीवर लसीकरणाचा ठेवावा, असे मला वाटते. बोटीवर जाणाऱ्यांची आधी नोंदणी केली तर कुपी वाया जाणार नाही. त्याच टेबलावर मलेरियाच्या गोळ्यांचा सल्लाही मिळावा. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसासाठी जिल्ह्याने एवढे करायला हरकत नाही.