भीमेच्या माशाचं नाव



मागे एकदा चौथीच्या वर्गात मी चिंचांचा ढीग मांडला आणि मुलांना म्हटलं, "यात किती जातींच्या चिंचा आहेत, ओळखा पाहू." झालं! पाच मिनिटांत भांडाभांडी सुरू. कुणी म्हणे दोन, कुणी म्हणे चार. सरळ वेगळ्या, वाकड्या वेगळ्या, एकाच चिंचोक्याच्या ठेंगण्या वेगळ्या. ढिगांना नावंसुद्धा देऊन झाली. मग मी सांगितलं, की सगळ्या चिंचा शाळेमागच्या एकाच झाडाच्या आहेत. (पुढे त्या चिंचांचं काय झालं, हे विचारू नका.)

ही गंमत आज आठवली, कारण असाच काहीसा प्रकार आपल्या इंदापूर तालुक्याच्या पाण्यात, एका माशाच्या बाबतीत घडलेला आहे.

बारामतीहून भिगवणला गेलात, की जे अथांग पाणी दिसतं तो उजनी धरणाचा फुगवटा. धरण पूर्ण झालं १९८० साली. रोहित पक्षी बघायला तुमच्यापैकी बरेच जण तिथे गेले असतील. पण पाण्याच्या वर जेवढं बघण्यासारखं आहे, तेवढंच खालीही आहे बरं का!

१९९२ साली सिंग आणि याझदानी या दोन शास्त्रज्ञांनी उजनीतल्या एका चपट्या, चंदेरी माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही नवी जात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नाव ठेवलं 'ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस'. भीमेन्सिस म्हणजे भीमेचा! आपल्या नदीचं नाव थेट शास्त्राच्या पुस्तकात.

आता तुम्ही विचाराल, नवी जात आहे हे ठरवतात तरी कसं? नुसतं "वेगळा दिसतो" म्हणून चालत नाही. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. त्या रेघेवर खवले किती, ते मोजायचे. परांमधले काटे मोजायचे. डोळा केवढा, डोकं केवढं, अंगाची उंची किती, सगळं मोजायचं. त्यातही नुसते सेंटिमीटर कामाचे नाहीत, कारण मासा वाढतो. म्हणून अंगाच्या लांबीच्या मानाने डोकं किती, असा हिशेब करतात. (शेकडेवारीचा कंटाळा करणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.) मग जवळच्या सगळ्या जातींशी ताडून बघायचं, आणि ज्या माशांवरून वर्णन केलं ते औषधात बुडवून जपून ठेवायचे. म्हणजे पुढे कुणाला शंका आली, तर तोच मासा पुन्हा तपासता येतो.

आणि शंका आलीच! भीमेन्सिससारखा दिसणारा एक मासा शास्त्राला आधीपासून माहीत होता. कंपनी सरकारच्या काळात साईक्स नावाचा एक लष्करी अधिकारी दख्खनमध्ये फिरून पशुपक्ष्यांच्या, माशांच्या नोंदी करत असे. कित्येक माशांची मराठी नावं त्याने ऐकली तशी लिहून घेतली. म्हणून तर 'खुद्री' आणि 'नुक्टा' ही नावं आजही शास्त्रीय नावांत आहेत. १८३९ साली त्याने भीमेतल्याच एका माशाला विगोर्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. तोच 'ऑस्टिओब्रामा विगोर्सिआय'.

२०११ साली श्रीकांत जाधव, मंदार पैंगणकर आणि नीलेश डहाणूकर यांनी भीमेन्सिसचे जपून ठेवलेले मूळ नमुने काढले. वेगवेगळ्या नद्यांतले विगोर्सिआय मासेही घेतले. पुन्हा सगळी मोजमापं, पुन्हा ताडून बघणं. निष्कर्ष काय निघाला? हे दोन मासे वेगळे नाहीतच. एकच जात!

मग नाव कुठलं ठेवायचं? प्राण्यांना नावं देण्याचे जगभर एकच नियम आहेत. एका जातीला दोन नावं पडली, तर साधारणपणे आधीचं खरं धरतात. १८३९ कुठे आणि १९९२ कुठे! भीमेन्सिस हे नाव मागे पडलं.

मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा एका मुलीने उठून विचारलं, "बाई, मग आधीचे शास्त्रज्ञ नापास का?"

मला तिचं फार कौतुक वाटलं. नापास कसे, गं? त्यांनी काय मोजलं ते लिहून ठेवलं, मासे जपून ठेवले, म्हणून तर एकोणीस वर्षांनी कुणीतरी ते तपासू शकलं. उत्तराबरोबर रीतही लिहा, असं मी गणिताच्या तासाला का ओरडते, ते तिला तेव्हा कळलं असावं.

पालकांपैकी कुणी म्हणतील, नाव हे असो की ते, फरक काय पडतो? पडतो तर! फक्त उजनीत सापडणारा मासा असता, तर उजनीचं पाणी बिघडलं की ती जातच जगातून गेली असती. विगोर्सिआय मात्र कृष्णेच्या आणि गोदावरीच्याही खोऱ्यात आहे. जात कुठली हे नक्की ठाऊक नसेल, तर जपायचं कशाला आणि किती, हे ठरवणार कसं?

आता तुमच्यासाठी एक काम. भिगवणच्या किंवा इंदापूरच्या मासळी बाजारात घरच्या मोठ्या माणसांबरोबर जा. तिथल्या मावशींना आणि काकांना विचारा, या चपट्या चंदेरी माशाला तुमच्यात काय म्हणतात? गावोगावी नाव वेगळं निघालं, तर सगळी नावं लिहून मला पाठवा. सोबत गावाचं नाव आणि तारीख हवी, हं!