शुश्रूषेचे मोजमाप कोण करणार?

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गणेशमूर्तींमुळे. हमरापूर, जोहे आणि परिसरातील गावांत घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. मूर्ती ठरवायला आलेला मुंबईकर ग्राहक डोळ्यांची आखणी, रंगकाम, बोटांची ठेवण बारकाईने न्याहाळल्याखेरीज आगाऊ रक्कम हातावर ठेवत नाही. हाच ग्राहक पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी शुश्रूषागृह शोधू लागतो, तेव्हा न्याहाळण्याजोगे त्याच्या हाती काय असते? फाटकाजवळची बाग, स्वागतकक्षातली तसबीर, व्यवस्थापकाचे गोड बोलणे आणि महिन्याचा दर. आईला रात्री दोन वाजता कुशीवर कोण वळवणार, हे त्याला कोणत्याही कागदावर सापडत नाही.

हा प्रश्न कोणा एका संस्थेपुरता नाही. मुंबई-गोवा महामार्ग आणि पनवेल-रोहा लोहमार्ग यांच्या आधारे पनवेलपासून पेण-रोह्यापर्यंतचा पट्टा महानगराशी केव्हाच जोडला गेला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि पाठोपाठ उरण, पनवेल व पेण तालुक्यांत नव्या शहराच्या आराखड्याची चर्चा सुरू झाली. मुंबईत वृद्ध माता-पित्यांसाठी स्वतंत्र खोली परवडत नाही. इथे जागा तुलनेने स्वस्त, हवा मोकळी आणि दोन-तीन तासांत भेटून परत जाण्याची सोय. निवासी वृद्धसेवेचा व्यवसाय या दिशेने सरकणे स्वाभाविकच आहे. गावातली परिस्थितीही वेगळी नाही. गणेशोत्सवापूर्वीच्या महिन्यांत कारखान्यात अहोरात्र काम चालते, घरातली बाईमाणसेही त्यात गुंतलेली असतात. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाचे सारे करणे सुनेवर सोपवून मोकळे होण्याचे दिवस तिथेही सरत आले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे दहा टक्के लोक साठीपुढचे होते. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे.

कायदे आहेत, मोजमाप नाही

वृद्धांच्या निवासी सेवेबाबत कायदेच नाहीत, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण यासंबंधीचा केंद्रीय अधिनियम २००७ सालचा. महाराष्ट्रात तो मार्च २००९ पासून लागू झाला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, असे म्हटले आहे. मात्र कलमाचा सूर बंधनाचा नसून मुभेचा आहे आणि त्याचा रोख निराधारांवर आहे. महिन्याला पैसे मोजून ठेवलेल्या, पण बोलता-चालता न येणाऱ्या वृद्धाचे काय, याचे उत्तर त्यात मिळत नाही. खासगी संस्थांनाही नोंदणी व किमान दर्जा सक्तीचा करणारे सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. पण २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच विधेयक बाद झाले.

याहून जुना आणि फारसा कोणाच्या ध्यानात नसलेला कायदा आपल्याच राज्याचा आहे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आपण लहान खासगी रुग्णालयांचा कायदा म्हणूनच ओळखतो. परंतु त्यातली ‘शुश्रूषागृह’ या शब्दाची व्याख्या आजार व इजा एवढ्यावर थांबत नाही. दुर्बलतेने ग्रासलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागाही त्या व्याख्येत बसते. संस्थेत अर्हताप्राप्त परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारण्याचा आणि जागेची तपासणी करण्याचा अधिकार हा कायदा देतो. २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आणि तक्रार निवारणाची व्यवस्था या गोष्टीही आल्या. म्हणजे नाकात नळी, मूत्रमार्गात कॅथेटर आणि पाठीवर शय्याव्रण असलेले रुग्ण ठेवून घेणारी संस्था स्वतःला ‘वृद्धाश्रम’ म्हणवते, एवढ्याच कारणाने तिने या कायद्याबाहेर राहावे, असे कायद्याच्या शब्दांतून तरी दिसत नाही.

घोटाळा होतो तो नावाच्या पाटीमुळे. वृद्धाश्रम म्हटला की विषय समाजकल्याणाचा आणि रुग्णालय म्हटले की आरोग्य खात्याचा. हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांचा निवास आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण आज दाखल झालेला चालता-फिरता माणूस तीन वर्षांनी अंथरुण धरतो. पाटी तीच राहते, गरज पार बदलते. या स्थित्यंतराची नोंद सरकारच्या कोणत्याही एका खात्याकडे होत नाही.

इमारत की माणूस?

आरोग्यसेवेची गुणवत्ता कशी जोखावी, याची मांडणी अमेरिकी अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये केली. साधने, कार्यपद्धती आणि परिणाम अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आपल्याकडची तपासणी बहुधा पहिल्याच पायरीवर अडते. खाटा किती, शौचालये किती, अग्निशमनाचे नळकांडे आहे का, प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, हे पाहून अधिकारी परततात. या गोष्टी आवश्यक आहेतच; परंतु शुश्रूषा ही खोलीत नसते, ती माणसाच्या हातात असते.

अंथरुणावरच्या रुग्णाला साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ते टळले की माकडहाडाजवळ, टाचांवर कातडी लाल होते, मग जखम पडते आणि जंतुसंसर्ग प्राणावर बेतू शकतो. भरवायला पुरेसा वेळ नसेल तर ताट भरलेलेच परत जाते आणि वजन उतरू लागते. महिन्याभरात पाच टक्के वजन घटले, तर ती धोक्याची घंटा मानली जाते. रात्री हाकेला कोणी आले नाही की म्हातारे माणूस एकटेच शौचालयाकडे निघते आणि खुब्याचे हाड मोडून घेते. शय्याव्रण, वजन आणि पडझड हे तीन आकडे संस्थेचे खरे स्वरूप सांगतात. ते ठेवायला महागडे यंत्र लागत नाही. एक वजनकाटा आणि एक वही पुरते.

पाहणीच्या मर्यादा

इंग्लंडमध्ये २००९ पासून ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही यंत्रणा काम करते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, तिच्यात आपुलकी आहे का, ती माणसाच्या गरजेनुसार बदलते का आणि तिचे नेतृत्व सक्षम आहे का, या पाच प्रश्नांवर ती संस्थेला श्रेणी देते. तिचे अहवाल कोणालाही वाचता येतात. अमेरिकेत २००८ पासून शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे दिले जातात.

तरीही या व्यवस्थांचे अपयश त्यांच्या यशाइतकेच शिकवणारे आहे. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांचा छळ बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून उघड झाला. तिथल्याच एका परिचारकाने त्याआधी कमिशनला कळवले होते, पण दखल घेतली गेली नव्हती. अमेरिकेत कर्मचाऱ्यांची संख्या संस्थांनीच सांगायची असल्याने ती फुगवली जाई. म्हणून २०१६ पासून ती वेतनाच्या नोंदींवरून घेतली जाऊ लागली. आपल्याकडचे उदाहरण तर रायगड जिल्ह्यातलेच आहे. पनवेल तालुक्यातील कळंबोली येथे मतिमंद मुलींच्या निवासी संस्थेतील लैंगिक अत्याचार २०११ मध्येच उजेडात आले आणि २०१३ मध्ये संस्थेच्या संचालकासह आरोपींना शिक्षा झाली. ती संस्था बालकांची होती, वृद्धांची नव्हे. पण जिथे राहणाऱ्याला तक्रार करता येत नाही आणि बाहेरचा माणूस आत येत नाही, तिथे काय होऊ शकते, हे तिने दाखवून दिले. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची अवस्था याहून फार वेगळी नसते.

करता येण्याजोगे

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. नियमांचा बडगा उगारला तर लहान, सेवाभावी संस्था बंद पडतील आणि उरतील त्या श्रीमंतांनाच परवडतील. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. अर्हताप्राप्त परिचारिका मिळणे तालुक्याच्या ठिकाणी अवघड आहे. बहुतेक भार ब्युरोमार्फत आलेल्या, अल्प वेतनावर बारा-बारा तास राबणाऱ्या मावशींवर असतो. म्हणूनच शिक्षेपेक्षा माहिती उघड करण्यापासून आरंभ व्हावा. अंथरुणाला खिळलेले रुग्ण पैसे घेऊन ठेवणारी प्रत्येक संस्था १९४९ च्या कायद्याखाली येते, असे शासनाने परिपत्रकाद्वारे स्पष्ट करावे. शय्याव्रण, वजन, पडझड आणि रात्रपाळीतील माणसे यांची मासिक नोंद दर्शनी फलकावर लावणे सक्तीचे करावे. तपासणी न कळवता, रात्रीही व्हावी आणि हजेरीपट पगारपत्रकाशी पडताळला जावा. सेवाभावी संस्थांना प्रशिक्षित मनुष्यबळासाठी अनुदान द्यावे. मात्र ते या नोंदींशी जोडलेले असावे.

हे महाराष्ट्राला अपरिचित नाही. २००७ मध्ये राज्यात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांची प्रगतिपत्रके भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. तीच रीत वृद्धांच्या संस्थांना लावण्यात अडचण कोणती? ज्येष्ठ नागरिक संघ, निवृत्त परिचारिका आणि ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी अशा भेट समित्या तालुक्या-तालुक्यात उभ्या राहू शकतात.

तोवर कुटुंबांनी काही गोष्टी स्वतःच केलेल्या बऱ्या. भेटीची वेळ आधी कळवू नये. जेवणाच्या वेळी जावे. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, हे आकड्यांत विचारावे. आज किती जणांना शय्याव्रण आहेत, याचे उत्तर संस्था देते की टाळते, ते पाहावे. वजनाची वही मागावी. पांघरूण बाजूला करून टाचा आणि पाठ स्वतः बघावी. जी संस्था याला हरकत घेते, तिने आपले प्रगतिपत्रक दिलेच म्हणायचे.

पण जागरूक मुलांवर सारी भिस्त ठेवून भागणार नाही. ज्याला मुले नाहीत, ज्याची मुले परदेशी आहेत आणि ज्याच्या भेटीला कोणी येतच नाही, त्याची टाच कोण बघणार? कायदा असतो तो अशा माणसासाठीच. तो पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ आपल्यापाशी आहे. आरोग्य खात्याने तो या खाटांपर्यंत नेण्याचे तेवढे मनावर घ्यायला हवे.