हिरडीचे रक्त आणि रोजाची धास्ती

रमजान आला की मुरुडच्या मोहल्ल्यांत पहाटेची एकच घाई. सहरी उरकते, दोन गुळण्या होतात, तेवढ्यात फज्रची अजान. ब्रश जागच्या जागी राहतो. दिवसा पेस्ट घशात जाईल ही भीती असतेच. त्यात हिरडीतून रक्त आले तर रोजा गेला की काय, ही धास्ती. रात्री तरावीहहून आल्यावर डोळ्यांवर झोप. असे करत महिना जातो आणि ईदला हिरड्या ठणकू लागल्या की लोक म्हणतात, उपवासाने तोंड आले.

दोष उपवासाचा नाही. 1965 साली डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. रमजान 29 किंवा 30 दिवसांचा.

म्हणजे रक्त येते म्हणून घासणे सोडणे, ही गोष्टच उलटी. दात आणि हिरडीच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर काही दिवसांत टणक होतो, त्याचे कीट बनते, मग ते ब्रशला दाद देत नाही. सूज आणि रक्त इथवर सारे भरून येते. पुढे हिरडी दात सोडते, आतले हाड झिजते, दात हलू लागतो. यालाच लोक पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड सहसा परत मिळत नाही. मधुमेही रोजेदाराने तर अधिक जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. डॉक्टरकडे कीट काढले की दात हलतात, असा समज आहे. खरे तर दात आधीच सुटलेला असतो, कीट निघाल्यावर ते कळते इतकेच.

मिसवाकचे महत्त्व कोणाला सांगायला नको. पैगंबरसाहेबांनी त्याचा किती आग्रह धरला, हे मदरशातले पोरही सांगेल. पण कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. त्या मसलकात रोजेदाराने दुपार कलल्यानंतर मिसवाक करणे मकरूह मानतात. हनफींना दिवसभर मुभा आहे. हा मतभेद दिवसापुरता. मगरिबपासून पहाटेपर्यंत दात घासायला कोणत्याही मसलकाची हरकत नाही, आणि हिरड्यांना नेमकी तीच वेळ हवी असते. झोपेत लाळ कमी सुटते, इफ्तारचे खजूर, भजी, शरबत दातांत बसलेले असते. झोपण्यापूर्वी एकदा आणि सहरीची वेळ संपण्याआधी एकदा, मऊ ब्रशने दोन मिनिटे, हिरडीच्या कडेने. रक्त आपोआप आल्याने रोजा जात नाही, ते गिळू नये, थुंकून टाकावे, असे उलेमा सांगतात. शंका असेल तर मशिदीच्या इमामांना विचारायला लाज कसली?

मात्र घरातली मशेरी कोणी विचारतही नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, बोटाने हिरडीवर चोळायची; कोकणात कित्येक बायांची सकाळ तिनेच उजाडते. दात मजबूत होतात म्हणे! प्रत्यक्षात हिरडी खाली सरकते, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी केली. घरच्या तव्याला ती कशी पोहोचणार? पण रमजानमध्ये हीच बाई 13-14 तास मशेरीविना राहते, कोणी धाक न घालता. इफ्तारच्या पाण्यामागोमाग तिचे बोट डबीकडे जाते, तेवढा एक तास तिला घरच्यांनी साथ द्यायला हवी. पुरुषांनी तिला उपदेश करण्याआधी आपली विडी आणि सुपारी बाजूला ठेवावी. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येते, त्यामुळे रोग आत वाढत असला तरी त्याला पत्ता लागत नाही.

कीट काढून घेण्याचे काम शाबानमध्येच उरकावे. ते राहिलेच असेल, तर जमातीने गावातल्या दंतवैद्याला विनंती करून इफ्तारनंतरची एखादी संध्याकाळ ठरवून घ्यावी, आणि त्यातला पहिला तास बायकांसाठी ठेवावा.