शेंग खुळखुळल्याशिवाय ताग कापू नका



टोळी दारात आली म्हणून कोवळा ऊस तुटला, तर आपण केवढी ओरड करतो! वजन घटते, उतारा पडतो, हे आपल्याला तोंडपाठ आहे. बियाण्याच्या तागाला मात्र आपण हा न्याय लावीत नाही.

पूर्वहंगामी लावणीआधी जूनमध्ये ताग पेरून, फुलावर आला की गाडणे, हे आपल्या काळ्या रानाला फार मानवते. ऊस सारखा ओढून घेतो. रानाला परत काही द्यायला नको का? पण एकरी २० ते २५ किलो बी लागते. ऐन मृगात त्यासाठी धावाधाव होते, आणि मिळेल ते बी आणून पेरावे लागते.

एका वर्षी मी घरचे बी धरले. दिवाळीनंतर ऊसतोड आणि रब्बीची गडबड एकदम आली. शेंगा फुगलेल्या दिसल्या, म्हटलं झालं, आणि कापून टाकला. मळणीत निम्मे दाणे हिरवट, सुरकुतलेले निघाले. पुढच्या जूनमध्ये रान विरळ, आणि मधे नुसतं तण! दोष माझ्या घाईचा.

तागाची शेंग फुगते आधी, दाणा भरतो नंतर. खालच्या शेंगा आधी पिकतात, शेंड्याच्या मागून. म्हणून एका शेंगेवर जाऊ नये. बहुतेक शेंगा तपकिरी होऊन झाड हलवताच खुळखुळू लागल्या, दाणा काळपट-करडा, चकचकीत व दाताला टणक लागला, की कापणी करावी. पेंढ्या खळ्यावर वाळवून काठीने बडवाव्यात. हे बी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. ते विषारी असते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून जालन्याचे नाव देशभर बियाण्याशी जोडले गेले. त्याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या शेतकऱ्याने तागाच्या बियासाठी दारोदार हिंडावे, हे शोभत नाही.

माझे म्हणणे एवढेच : प्रत्येकाने दहा गुंठे ताग बियाण्यासाठी राखावा आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा. आपण उसाची पक्वता जाणतो. तागाची तर तो स्वतःच वाजवून सांगतो. आपण कान द्यायचा.

— एक ऊस उत्पादक सभासद, आष्टी