बोनेटखालची हवा आणि नागपूरचा मे महिना

समृद्धी महामार्ग नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्राजवळच्या शिवमडक्याहून सुरू होतो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. असा रस्ता दारात आल्यावर गाडीतून आणखी थोडी ताकद काढावी, असं तरुणांना वाटणारच. त्यातला सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढून उघडा कोन फिल्टर बसवणं. पण त्याने गाडी खरंच जास्त ओढते का?

यामागचा तर्क चुकीचा नाही. इंजिनात हवा जास्त गेली तर पेट्रोलही जास्त जाळता येतं. टर्बो इंजिनाचं रीमॅपिंग केलं असेल, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या संगणकाचं सेटिंग बदललं असेल, तर कंपनीचा हवामार्ग अपुरा पडू शकतो. तिथे मोठं इनटेक उपयोगाचं, हे हौशी मंडळींचं म्हणणं मला पटतं. साध्या १.२ लिटरच्या गाडीत मात्र स्वच्छ फिल्टरचा अडथळा मुळातच किरकोळ असतो. शहरात ॲक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असतो. तेव्हा हवा अडते ती थ्रॉटलपाशी. कोन बसवल्यावर वाढतो तो आवाज, आणि आवाजामुळे पिकअपही वाढल्यासारखा वाटतो.

त्यात नागपूरचं ऊन. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. कंपनीची नळी बहुतेक गाड्यांत ग्रिलमागून बाहेरची हवा घेते. उघडा कोन रेडिएटरवरून आलेली गरम हवा ओढतो. दुपारच्या ट्रॅफिकमधून आलेल्या गाडीचं बोनेट उघडलं, तर कोनाजवळची झळ तोंडावर येते. बंद डब्याचं कोल्ड एअर इनटेक हा दोष बराचसा टाळतं, पण त्याला पैसे जास्त पडतात.

शिवाय मिहानमध्ये बांधकामं सुरूच आहेत आणि धूळ भरपूर. तेल लावलेले कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, हा मोठा फायदा. तेल जास्त झालं तर मात्र ते एअर फ्लो सेन्सरवर बसतं. उद्या इंजिनाचं काम निघालं, तर वॉरंटीचा वादही इथूनच सुरू होऊ शकतो.

अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत तुंबलेला फिल्टर बदलल्यावर आधुनिक पेट्रोल गाड्यांचं मायलेज फारसं बदललं नाही. पिकअप मात्र सुधारला. म्हणून रीमॅप न केलेल्या गाडीवर खर्च करायचाच, तर तो कंपनीच्याच नव्या फिल्टरवर करावा, असं मला वाटतं. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी तो लवकर बदलायला सांगितलेला असतो. मिहानला रोज ये-जा करणाऱ्यांनी तोच हिशेब धरावा.