लेकीला गेम बनवणाऱ्यांच्या गटात जाऊ द्यावं का? माझं उत्तर बदललं, त्याबद्दल



पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत दोन-तीन आयांनी मला विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

गेल्या सप्टेंबरमध्ये माझी पंधरा वर्षांची लेक म्हणाली, "आई, आपल्या भागात गेम बनवणारे लोक आहेत ना, त्यांचा डिस्कॉर्डवर एक गट आहे. मी जॉइन होऊ?" मी लॅपटॉपमधून मान वर न करता "नाही" म्हटलं. अनोळखी लोक, त्यात बहुतेक मोठे पुरुष, त्यात दहावीचं वर्ष आणि त्यात गेम! तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी हेच म्हटलं असतं.

पण ती खेळण्यात वेळ घालवणारी मुलगी नाही, हे मला माहीत होतं. दोन वर्षं ती एकटीच खोलीत बसून गेम बनवत होती. व्हिडिओ बघायचा, थोडं जमवायचं, अडकलं की सोडून द्यायचं. असे तीन गेम अर्धवट पडले होते. चौथा होता आमच्या साताऱ्याच्या आजीच्या गच्चीवरचा: कुरडया वाळत घातल्यात, कावळे येताहेत, मधेच वळवाचा पाऊस, आणि आपण वाळवण राखायचं. तोही अडकला. त्या आठवड्यात ती जेवताना एक शब्द बोलली नाही.

तेव्हा मला माझी आर्टिकलशिप आठवली. मी पुण्याची सीए. तीन वर्षं टिळक रोडवरच्या एका फर्ममध्ये व्हाउचिंगपासून सुरुवात केली. पुस्तकं सगळ्यांकडे तीच होती. पण बॅलन्स शीट कुठे खोटं बोलतंय हे कळलं ते सीनियरने माझ्या वर्किंग पेपरवर लाल पेनाने गोल केले तेव्हा, आणि बाकीची आर्टिकल मुलं कशी अडतात हे शेजारी बसून बघितलं तेव्हा. आपण इथे मुलांना कुमॉन, कोडिंग, रोबोटिक्स सगळे क्लास लावतो. त्या क्लासमध्ये गुरू मिळतो, पण आपल्याबरोबर तेच काम करणारी आणि आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे असलेली माणसं मिळत नाहीत. ती अशा गटातच मिळतात. म्हणून माझं "नाही" हे "हो, पण मी बरोबर येणार" झालं.

गट स्थानिक होता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याआधी ती एका जगभरच्या मोठ्या गटात डोकावली होती. तिथे हजारो लोक, प्रश्न विचारला की दोन मिनिटांत वर सरकून गेला, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी वय विचारणारा खाजगी मेसेज टाकला. आम्ही ते तिथेच बंद केलं. स्टेट कॉलेजची गोष्ट वेगळी. पेन स्टेटच्या एका जुन्या अध्यक्षांच्या नावावर सांगतात की हे गाव राज्याच्या सगळ्या भागांतून पोचायला सारखंच अवघड आहे. गेम उद्योगाचं म्हणाल तर कार्नेगी मेलनचं एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटर आणि २००२ पासूनची शेल गेम्स ही कंपनी, दोन्ही पिट्सबर्गला. म्हणजे गाडीने साधारण तीन तास. त्यामुळे इथे गट आहे तो चाळीसेक माणसांचा: युनिव्हर्सिटीतली मुलं, एक शाळामास्तर, दिवसा दुसरंच सॉफ्टवेअर लिहिणारे दोघं-तिघं. एरवी ऑनलाइन, पण महिन्यातून एकदा डाउनटाउनच्या लायब्ररीत भेटतात. ज्याचं तोंड महिन्याला दिसतं तो माणूस जरा जपून वागतो, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या भेटीला मी मागे बसले होते. त्यांची एक पद्धत आहे: आपला गेम दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. काही समजावायचं नाही. लेकीची अवस्था बघवत नव्हती. त्या मास्तरांना कुरडया म्हणजे गांडुळं वाटली, त्यामुळे ते कावळ्यांना हाकलायच्या ऐवजी मदत करत बसले! घरी येताना गाडीत ती रडेल असं मला वाटलं. तिने साताऱ्याला फोन लावला आणि आजीला विचारलं, चीक शिजवण्यापासून सगळं कसं करतेस ते सांग. आता गेमची सुरुवात सोऱ्यापासून होते, आणि कोणाला काही सांगावं लागत नाही. दोन वर्षांत जे सुचलं नाही ते एका संध्याकाळीत कळलं.

आम्ही घरी ठरवलेले नियम सांगते. डिस्कॉर्डला इथे १३ वर्षं पूर्ण लागतात, त्याआधी खोटं वय टाकून नाही म्हणजे नाही. अनोळखी लोकांचे खाजगी मेसेज सेटिंगमधून बंद. खरं आडनाव, शाळा, पत्ता लिहायचा नाही. कोणाशी एकट्याने व्हॉइस कॉल नाही. पहिले सहा महिने मी किंवा बाबा गटात सभासद, आणि भेटीला आमच्यापैकी एक जण हजर. गट चालवणारे कोण, तक्रार कोणाकडे करायची, हे आधी विचारून घ्या. सरळ उत्तर मिळालं नाही तर तो गट सोडून द्या.

आता माझा विषय, पैसे. मूल शिकत असेल तर एक रुपयाही लागत नाही. गोडो हे इंजिन पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे. स्टीमवर गेम ठेवायला १०० डॉलर लागतात, ते गेमची १,००० डॉलरची विक्री झाल्यावर परत मिळतात, आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा स्टीमचा. स्वतःच्या धंद्यातून वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त निव्वळ मिळाले तर मुलालाही टॅक्स रिटर्न भरावा लागतो.

आणि कृपया हे नीट वाचा: मूल एच-४ वर असेल तर त्याला कामाची परवानगी नसते. एच-४ ईएडी २०१५ पासून मिळतो तो काही जोडीदारांना, मुलांना नाही. गेम मोफत ठेवण्यात आणि विकण्यात इथे मोठा फरक आहे. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय विक्रीचं बटण दाबू देऊ नका. "दोन-पाच डॉलरचं काय एवढं" हे वाक्य मी ऑफिसात फार ऐकलंय. मी स्वतः काही वर्षं एच-४ वर घरी बसले होते. हातात काम असून करता येत नाही, याचा त्रास मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते, तोवर निदान माणसं तरी मिळू द्या.

"यातून पुढे काय?" हा प्रश्न माझ्या सासूबाईंचाही आहे. आपल्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आठवा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांचे पैसे उभे राहिले नाहीत. तरी गेम २०२० मध्ये आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळालं. असं प्रत्येकाचं होत नाही, माझ्या लेकीचं होईल असंही मी धरून चाललेले नाही. तिला केमिस्ट्रीत या सेमिस्टरला बी आलाय, आणि त्यावरून घरी वाद झालाय, तो अजून मिटलेला नाही. पण ती आता जेवताना बोलते, आणि गटातल्या एका नवीन मुलाचा गेम खेळून गप्प कसं बसायचं हेही शिकलीय.

तुमच्या गावात असा गट असेल तर आधी तुम्ही जाऊन बसा, मग ठरवा. नसेल तर लायब्ररीत विचारा. आणि तुमच्याकडे काही वेगळं घडलं असेल, वाईटही, तर जरूर लिहा. मला ते ऐकायचंय.