नोकरदार दिग्दर्शकाची शैली

1938 या एका वर्षात हॉलिवूडचे दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांचे पाच चित्रपट प्रदर्शित झाले. 'गोल्ड इज व्हेअर यू फाइंड इट'मध्ये कॅलिफोर्नियातील खाणमालक आणि शेतकरी यांचा झगडा होता. 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' ही तलवारबाजीची रंगीत साहसकथा, 'फोर्स अ क्राउड' हा विनोदी चित्रपट, 'फोर डॉटर्स' ही चार बहिणींची कौटुंबिक कथा, तर 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' ही न्यूयॉर्कच्या वस्तीत वाढलेल्या गुन्हेगाराची शोकान्त गोष्ट. यांपैकी शेवटच्या दोन चित्रपटांसाठी कर्टिझ यांना दिग्दर्शनाच्या ऑस्करची एकाच वर्षी दोन नामांकने मिळाली. पुरस्कार मात्र फ्रँक काप्रा यांना गेला.

एका वर्षात इतके चित्रपट कसे शक्य झाले, हे समजण्यासाठी त्या काळातील स्टुडिओ पद्धत समजून घ्यावी लागते. वॉर्नर ब्रदर्स, एमजीएम, पॅरामाउंट, फॉक्स आणि आरकेओ या पाच मोठ्या कंपन्या स्वतः चित्रपट काढत, स्वतःच त्यांचे वितरण करत आणि चित्रपटगृहेही त्यांच्याच मालकीची असत. पडद्यावर सतत नवे काही लागे, म्हणून स्टुडिओत काम कधी थांबत नसे. लेखक, नट, कॅमेरामन, संगीतकार, शिंपी, सुतार हे सगळे करारावर बांधलेले असत.

नटांचा करार साधारणपणे सात वर्षांचा असे. दिलेली भूमिका नाकारली तर पगार थांबे आणि तेवढा काळ कराराला मागून जोडला जाई. या जोडकाळाविरुद्ध ऑलिव्हिया डी हॅविलंड न्यायालयात गेल्या आणि 1944 मध्ये जिंकल्या. कर्टिझ यांच्या अनेक चित्रपटांच्या नायिका त्याच.

दिग्दर्शकाचे स्थानही फारसे वेगळे नव्हते. पटकथा आणि नटसंच ठरलेले त्याच्या हाती येत आणि संकलनावर निर्मात्याची नजर असे. वॉर्नरमध्ये ही नजर बराच काळ हॅल वॉलिस यांची होती. 'रॉबिन हूड'चे दिग्दर्शन आधी विल्यम कीली करत होते. काम मनासारखे होईना, तेव्हा स्टुडिओने ते कर्टिझ यांच्याकडे सोपवले.

मराठी वाचकाला ही रचना अगदी अपरिचित नाही. कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन झालेली आणि 1933 मध्ये पुण्यात आलेली प्रभात फिल्म कंपनीही पगारी कलावंत आणि कारागीर यांच्या बळावर चाले. पण शांताराम, दामले, फत्तेलाल हे प्रभातचे भागीदार होते. कर्टिझ हे नोकरदार होते, आणि पुढचा सगळा वाद या एका गोष्टीवर उभा आहे.

कर्टिझ मूळचे बुडापेस्टचे. हंगेरीत 1912 पासून त्यांनी चित्रपट केले, 1919 च्या राजकीय उलथापालथीत देश सोडला, व्हिएन्नात भव्य मूकपट काढले आणि 1926 मध्ये वॉर्नर बंधूंच्या बोलावण्यावरून अमेरिकेत आले. पुढची पाव शतकाहून अधिक वर्षे ते त्याच स्टुडिओत राहिले.

पन्नासच्या दशकात फ्रेंच समीक्षकांनी आणि त्यांच्यामागोमाग अमेरिकेत अँड्र्यू सॅरिस यांनी ऑटर सिद्धान्त मांडला. ऑटर म्हणजे चित्रपटाचा खरा लेखक ठरणारा दिग्दर्शक. प्रत्येक चित्रपटातून तोच विषय, तीच जीवनदृष्टी पुन्हा पुन्हा मांडणारा तो मोठा, अशी ही कसोटी. कर्टिझ तिच्यावर उतरले नाहीत. सॅरिस यांनी 1968 च्या ग्रंथात त्यांना बऱ्यापैकी आवडण्याजोग्या, पण दुय्यम दिग्दर्शकांच्या रांगेत बसवले.

ही कसोटी विषय शोधते, आणि कर्टिझ यांची ओळख विषयात नाही. ती सावलीत आहे. 'रॉबिन हूड'मधील अखेरचे द्वंद्व काही क्षण दगडी खांबावरच्या दोन प्रचंड सावल्यांतच चालते. 'एंजल्स विथ डर्टी फेसेस'मध्ये जेम्स कॅग्नी यांच्या पात्राचा मृत्युदंड आपल्याला सावल्यांतून कळतो. 'कॅसाब्लांका'त कॅफेचा मालक रिक तिजोरी उघडतो, तेव्हा भिंतीवर त्याची सावली हलते. 'मिल्ड्रेड पिअर्स'मधले समुद्रकाठचे घर तर अंधारानेच भरलेले आहे. हे चित्रपट वेगवेगळ्या कॅमेरामननी टिपले, प्रकारही वेगवेगळे. समान दुवा दिग्दर्शकाचाच.

'कॅसाब्लांका' हा योगायोगाने जमलेला चित्रपट, असे नेहमी म्हटले जाते. रंगमंचावर न आलेल्या एका नाटकावरून तो घेतला होता आणि 1942 च्या उन्हाळ्यात चित्रीकरण चालू असतानाही पटकथा लिहिली जात होती, हे खरे. पण रिकच्या कॅफेतील गर्दी आठवून पाहावी. कॉनराड फाइट, पीटर लोरी, मार्सेल दालियो, मादलेन लबो हे कलावंत नाझींमुळे स्वतःच युरोप सोडून आलेले होते. एस. झेड. साकाल तर कर्टिझ यांच्यासारखेच हंगेरीचे. कॅमेरा टेबलांमधून फिरत प्रत्येकाला काही सेकंद देतो आणि तेवढ्यात एकेका निर्वासिताचे आयुष्य कळते. इतके नेमके काम योगायोगाने होत नाही.

या कार्यक्षमतेची किंमत इतरांनी मोजली, हेही सांगायला हवे. 'नोआज आर्क'च्या पुराच्या दृश्यात अनेक एक्स्ट्रा जखमी झाले. 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'साठी तारा लावून घोडे पाडले गेले, त्यांत काही मेले. आणि स्टुडिओने सांगितले म्हणून 1943 मध्ये कर्टिझ यांनी 'मिशन टू मॉस्को' केला. सोव्हिएत संघ तेव्हा मित्रराष्ट्र होता. चित्रपटाने स्टालिनच्या खोट्या खटल्यांचे समर्थन केले. कौशल्य उत्तम असले तरी ते कशासाठी राबते याची जबाबदारी टळत नाही. हा चित्रपट कर्टिझ यांच्या नावावरचा डाग आहे.

तरीही त्यांना निव्वळ आज्ञाधारक कारागीर ठरवणे अन्यायाचे होईल. चित्रपटगृहांची मालकी निर्मितीपासून तोडण्यास भाग पाडणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1948 मध्ये आला आणि जुनी व्यवस्था ढासळू लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी कर्टिझ यांनी हेमिंग्वे यांच्या कादंबरीवरून 'द ब्रेकिंग पॉइंट' केला. त्यात कर्जात बुडालेल्या नावाड्याचा कृष्णवर्णीय सहकारी बरोबरीच्या मित्रासारखा वावरतो; त्या काळच्या हॉलिवूडमध्ये हे दुर्मीळ होते. नायक जॉन गारफील्ड यांचे नाव कम्युनिस्ट असल्याच्या संशयाच्या यादीत आले आणि स्टुडिओने चित्रपटाची जाहिरात आखडती घेतली. फार थोड्यांनी तो पाहिला. 'कॅसाब्लांका' पाहिलेल्या प्रत्येकाने आता 'द ब्रेकिंग पॉइंट' पाहावा आणि कर्टिझ यांच्याबद्दलचे मत त्यानंतर बनवावे.